मीटर बसले आणि क्रमांक घसरला: एका महापालिकेच्या पाण्याच्या आकड्यांचं प्रकरण

हे शहर महाराष्ट्रातलं, दहा लाखांवर वस्तीचं. मी तेव्हा तिथल्या महापालिकेच्या आकडेवारी कक्षात करारावर होते. शहराचं नाव आणि खरे आकडे दिलेले नाहीत, कारण पाणीखात्यातल्या माणसाला दोन आकड्यांवरून शहर ओळखता येतं. हिशेब समजावा म्हणून खाली जे आकडे 'समजा' म्हणून दिले आहेत ते गोल आणि काल्पनिक आहेत. निकषांचे आणि याद्यांचे आकडे मात्र खरे आहेत.

पार्श्वभूमी

शहरांची तुलना करायची तर आधी मोजायचं काय ते ठरायला हवं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली ते ठरवलं. पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं या चार सेवांसाठी मिळून २८ निर्देशक आले. पाण्याची उद्दिष्टं ऐकायला छान होती: माणशी रोज १३५ लिटर, २४ तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर आणि एनआरडब्ल्यू २० टक्क्यांच्या आत. एनआरडब्ल्यू म्हणजे तयार झालं, पण ज्याचं बिल निघालं नाही असं पाणी. गळती, चोरी, बंद मीटर, सार्वजनिक नळ, सगळं त्यात येतं. आदल्याच वर्षी देशातल्या वीस शहरांच्या पाणीपुरवठ्याची तुलना प्रसिद्ध झाली होती. त्यात दिवसाचा सरासरी पुरवठा ४.३ तास होता आणि २४ तास पाणी देणारं शहर एकही नव्हतं. उद्दिष्ट आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर पहिल्या दिवसापासून एवढं होतं.

या निकषांत एक फार शहाणी तरतूद आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. प्रत्येक आकड्यासोबत त्याची विश्वासार्हता 'ए' ते 'डी' अशा श्रेणीत लिहायची असते. मोजून आलेला आकडा 'ए'कडे जातो आणि पंपाच्या क्षमतेवरून काढलेला अंदाज 'डी'त पडतो. अडचण अशी की यादी छापताना श्रेणीचा रकाना गळतो आणि टक्केवारी तेवढी उरते.

तेराव्या वित्त आयोगाने या चार सेवांची उद्दिष्टं राजपत्रात जाहीर करण्याची अट कामगिरी अनुदानाला जोडली. पंधराव्या आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी पुढचं पाऊल टाकलं. त्यांचं अनुदान हवेची गुणवत्ता, पाणी आणि घनकचरा यांतल्या प्रगतीशी बांधलं. म्हणजे सुरुवातीची स्थिती लिहून द्यायची, वर्षागणिक उद्दिष्टं ठरवायची आणि किती गाठलं ते दाखवायचं.

क्रमवारीचं वेड याच सुमारास वाढलं. केंद्राच्या शहरी व्यवहार मंत्रालयाच्या २०१८ च्या राहणीसुलभता निर्देशांकात १११ शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरं आणि बृहन्मुंबई तिसरी आली. राज्यभरच्या महापालिकांमध्ये 'मग आपण कुठे?' सुरू झालं. पुढची यादी ४ मार्च २०२१ ला आली, तोवर मोजपट्टीच बदललेली होती. २०१८ मध्ये भौतिक सुविधांना १०० पैकी ४५ गुण होते. नव्या आराखड्यात ३० गुण नागरिकांच्या मतांच्या सर्वेक्षणाला गेले. दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिलं आलं आणि पुणे दुसरं. त्याच दिवशी त्याच मंत्रालयाने महापालिकांच्या कामगिरीची वेगळी यादी काढली. तिच्यात इंदूर पहिलं होतं आणि बेंगळुरू पहिल्या दहातही नव्हतं. राहायला सर्वांत सोयीचं शहर आणि नीट कारभार करणारी महापालिका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या उघड क्वचितच दिसतं. आमच्याकडे मात्र दोन्ही याद्यांमधला फक्त आपला क्रमांक वाचला गेला.

आकडे तयार व्हायचे कसे

तयार झालेलं पाणी: पंप किती तास चालला ते लॉगबुकातून घ्यायचं आणि पंपाच्या पाटीवरच्या क्षमतेने गुणायचं. पंप पंधरा-वीस वर्षांचे, आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, झिजलेला. पाटी मात्र नवीकोरी.

बिल झालेलं पाणी: बहुतेक घरगुती जोडण्यांना मीटर नव्हते, असले तर बंद. अर्धा इंची जोडणीला महिन्याला ठरावीक पाणी धरून पाणीपट्टी लागायची. तेच गृहीत पाणी सगळ्या जोडण्यांसाठी बेरजेला.

लोकसंख्या: २०११ ची जनगणना. त्यानंतरची तोवर झालेली नव्हती आणि शहराच्या कडेच्या वस्त्या तर तेव्हापासून दुपटीने फुगलेल्या.

तास: चावीवाल्याने, म्हणजे वस्तीच्या वाहिनीचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने, चावी कधी उघडली आणि कधी बंद केली यांतलं अंतर.

समजा, पंपांच्या हिशेबाने रोज ३०० एमएलडी, म्हणजे ३० कोटी लिटर पाणी तयार होतं. बिलांच्या हिशेबाने २२५ एमएलडी वापरलं जातं. एनआरडब्ल्यू आलं २५ टक्के, उद्दिष्टाच्या अगदी जवळ. लोकसंख्या १५ लाख धरली तर माणशी २०० लिटर. कागदावर असं शहर कोणालाही आवडेल. हे आकडे कोणी मुद्दाम खोटे केले नव्हते. एका जुन्या उपअभियंत्यांनी कधीतरी पद्धत बसवली आणि मागच्या वर्षीच्या फाईलवरून पुढच्या वर्षीची फाईल भरत गेली.

अडचण

केंद्राच्या अमृत योजनेतल्या पाण्याच्या कामात जलशुद्धीकरण केंद्राच्या बाहेर आणि प्रत्येक जलकुंभाच्या आत-बाहेर फ्लोमीटर, म्हणजे वाहतं पाणी मोजणारे मीटर, बसले. एका विभागात नमुन्यादाखल काही शे जोडण्यांना चालू मीटर लागले. तीन महिन्यांची नोंद हातात आली तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंता मॅडम लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "माझी बेरीज चुकतेय का बघता का?"

बेरीज बरोबर होती. आमच्या 'समजा'मध्ये सांगायचं तर ३०० च्या जागी २६० एमएलडी पाणी वितरणात जात होतं, कारण झिजलेले पंप पाटीवरचं पाणी देत नव्हते. नमुना मीटरांवरून सगळ्या शहराचा अंदाज बांधला तर बिल होणारा वापर २२५ च्या जागी १६० निघत होता. शेवटच्या टोकाच्या घरांपर्यंत गृहीत धरलेलं पाणी पोचतच नव्हतं. एनआरडब्ल्यू साडेअडतीस टक्क्यांवर गेलं.

माणशी पाण्याचा घोळ त्याहून मोठा. लोकसंख्या १५ लाखांच्या जागी अंदाजे १९ लाख धरली की २६० एमएलडीचे माणशी १३७ लिटर होतात. २०० वरून १३७ ही घसरण मोठी असली तरी १३५ च्या वर राहिलो, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. पण हे पाणी जलकुंभातून सुटलेलं, घरात पोचलेलं नव्हे. हरवलेल्या १०० एमएलडीपैकी निम्मं जरी खरोखर जमिनीत मुरत असेल, तरी उरतात २१० एमएलडी आणि माणशी ११० लिटर. निम्मं की पाऊण, हे सांगायला आमच्याकडे साधन नव्हतं. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात मध्यरात्रीचा प्रवाह मोजून गळतीचा अंदाज बांधता येतो. जिथे रात्री नळच कोरडे असतात तिथे ती रीत चालत नाही.

या निकषांचे त्या वर्षीचे आकडे भरून पाठवायची मुदत तीन आठवड्यांवर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय जुन्याच पद्धतीने भरायचा. कार्यकारी अभियंता साहेबांचा कल इकडे होता आणि त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. "बाकीच्या महापालिका पंपाच्या तासांवरून भरतात. आपण मीटरवरून भरायचं आणि मग एका तक्त्यात दोघांची तुलना व्हायची. एकाने वजन काट्यावर केलेलं, दुसऱ्याने हाताने तोलून सांगितलेलं. नापास कोण होणार? काट्यावरचा!"

दुसरा, मोजलेले आकडे सरळ भरायचे आणि विश्वासार्हता श्रेणी वर न्यायची.

तिसरा माझा होता: नमुना विभागापुरते मोजलेले आकडे द्यायचे आणि बाकी शहरासाठी जुनेच ठेवायचे. बैठकीत बोलताना तो फार समतोल वाटला. घरी जाऊन मांडून पाहिला तेव्हा लक्षात आलं, मोजलेला विभाग एकटाच वाईट दिसणार आणि न मोजलेले सगळे चांगले. मोजण्याची शिक्षा शहराच्या आतही तीच. दुसऱ्या दिवशी मीच तो मागे घेतला.

चौथा पर्याय रकाना रिकामा सोडायचा. कोणी गंभीरपणे मांडला नाही, पण दोनदा निघाला.

निर्णय कसा झाला

आयुक्तांच्या दालनातली बैठक तासभर क्रमांकाभोवतीच फिरली. शेजारच्या शहराच्या पुढे की मागे, वर्तमानपत्रात काय येईल, सभागृहात कोण उठेल. बैठकीला वळण दिलं मुख्य लेखा अधिकाऱ्यांनी. ते तोवर गप्प होते. त्यांनी विचारलं, "अनुदान कशावर मिळणार? क्रमांकावर की सुधारणेवर?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी जोडलं नव्हतं. यादी तुमची आजची पातळी पाहते, तर अनुदान सुरुवातीच्या आकड्यापासून किती पुढे गेलात ते पाहतं. २५ टक्के एनआरडब्ल्यू लिहून दिलं तर पुढच्या वर्षी २३ दाखवावं लागणार, आणि तोवर मीटर सगळीकडे असल्यामुळे ३८ दिसणार. कागदावर शहर तेरा टक्क्यांनी बिघडलेलं आणि अनुदान अडकलेलं. आज ३८ लिहिलं तर उद्याचे ३६ ही प्रगती.

दहा मिनिटांत दुसरा पर्याय मंजूर झाला. या निर्णयाचं पुढे 'पारदर्शक कारभार' म्हणून कौतुक झालं तेव्हा मी तिथे होते, आणि मला ती बैठक आठवत होती. खरं सांगायचा निर्णय झाला तो खरं सांगणं फायद्याचं ठरल्यामुळे. नियम बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे: बक्षीस नीट बांधलं तर माणसाच्या सचोटीवर सगळा भार पडत नाही.

लोकसंख्येवर मात्र तोडगा निघाला नाही. प्रक्षेपित आकडा नेमका कुठून घ्यायचा? विकास आराखड्यातला, मतदारयादीवरून काढलेला की मालमत्ता कराच्या घरांवरून? तिन्ही वेगळे होते आणि शेवटी सर्वांत लहान निवडला गेला. का निवडला ते फाईलवर नाही. मला ठाऊक आहे: त्याने १३५ ची रेघ सांभाळली जात होती. म्हणजे एनआरडब्ल्यूबाबत खरं बोललो आणि माणशी लिटरबाबत पुन्हा सोयीचं.

काय केलं

पुढच्या तीन आठवड्यांत केलेलं काम तसं साधं. मीटर पुरवणाऱ्याकडून तपासणी दाखले मागवले. दोन मीटर उलटे बसलेले निघाले, म्हणजे बाण प्रवाहाच्या विरुद्ध. कनिष्ठ अभियंता मॅडम आणि मी एक आठवडा चावीवाल्यांसोबत पहाटे फिरलो आणि हा आठवडा सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त शिकवून गेला.

एका टेकडीवरच्या वस्तीची चावी पहाटे साडेचारला उघडत होती आणि साडेसातला बंद होत होती. नोंद तीन तासांची. सर्वांत वरच्या गल्लीत पाणी चढायला सव्वासहा वाजायचे, आणि खालच्यांच्या मोटारी सुरू झाल्या की सातला धार करंगळीएवढी. तिथल्या आजी म्हणाल्या, "तीन तास येतं म्हणता? मग मधले दोन तास कुठं जातं, ते पण लिवा की."

लिहिण्याची सोयच नव्हती. तक्त्यात पुरवठ्याच्या तासांची सरासरी जाते. आम्ही टीपेत लिहिलं की हे चावी उघडी असल्याचे तास आहेत, टोकाच्या घराचे वेगळे. टीप कोणी वाचली असं वाटत नाही.

सर्वांत कामाची गोष्ट सापडली ती मात्र ऑफिसात बसून. एका जलकुंभात शिरणारं पाणी आणि बाहेर पडणारं पाणी यांत रोज मोठी तफावत येत होती. मीटर बिघडलाय असं समजून आम्ही तो आकडा बाजूला ठेवला होता. चावीवाले काका ते ऐकून हसले. "मॅडम, ती टाकी रात्रीची ओसंडते. ओव्हरफ्लोचा पाइप थेट नाल्यात. दिवसा कुणाला दिसणार?" त्यांनी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, दोनदा, तोंडी. मीटरच्या आलेखासोबत सांगितल्यावर महिन्याभरात टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह बदलला गेला.

निष्पत्ती

आकडे गेले. राज्यातल्या महापालिकांचा तुलनात्मक तक्ता आला तेव्हा पाण्यात आम्ही बरेच खाली गेलो होतो. श्रेणीचा रकाना बातमीत नव्हता. स्थानिक पानावर गळतीची मोठी बातमी झाली, आणि महासभेत एका ज्येष्ठ नगरसेवकांनी विचारलं, "हे मीटर बसवायला सांगितलं कोणी?" सभागृहात हशा झाला, पण ते गंभीर होते. दुसऱ्या एका सदस्यांनी मात्र त्याच गळतीच्या आकड्याचा आधार घेऊन आपल्या प्रभागातली जुनी बिडाची वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव मंजूर करून घेतला. आकडा वाईट असला की निधी मागता येतो, हे त्यांना आमच्याआधी कळलं.

पुढच्या वर्षी प्रगती दिसली. ओसंडणाऱ्या टाक्या थांबल्या आणि काही मोठ्या व्यापारी जोडण्यांना मीटर लागले. ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं. त्याच बैठकीत एका अधिकाऱ्याने हळूच सुचवलं, की सुरुवातीचा आकडा आणखी थोडा वाईट दाखवला असता तर पुढची तीन वर्षं निवांत गेली असती. लेखा अधिकाऱ्यांची युक्ती अशी दुसऱ्या बाजूनेही चालते, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. पातळीवर क्रमांक दिला तर लोक आकडा फुगवतात, सुधारणेवर पैसा दिला तर सुरुवात खाली ओढतात. दोन्हींना आळा घालते ती श्रेणी आणि तिची तपासणी, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित.

दरम्यान शेजारच्या महापालिकेच्या अभियंत्यांचा साहेबांना फोन आला. मीटर कुठले घेतले, खर्च किती, सगळं तपशिलात विचारलं. शेवटी म्हणाले, "बसवतो आम्हीपण. यंदा नको, यंदा क्रमांक चांगला आलाय."

मग सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, साहेबांची बदली झाली. दोन पावसाळ्यांत काही मीटरांच्या चेंबरमध्ये पाणी भरलं, काहींच्या बॅटऱ्या संपल्या. देखभालीचा करार मूळ कामात एका वर्षाचाच होता. मी सोडलं तेव्हा जवळपास एक तृतीयांश नोंद पुन्हा लॉगबुकातून येत होती. म्हणजे आकडे परत सुधारण्याची शक्यता होती.

आज करायचं झालं तर

पहिलं म्हणजे आकडे पाठवण्याआधी मागच्या वर्षाचा हिशेब दोन्ही पद्धतींनी मांडून प्रसिद्ध करायला हवा होता. जुन्या पद्धतीने २५, नव्याने ३८, शहर तेच. म्हणजे 'गळती वाढली' आणि 'गळती मोजली' यांतला फरक बातमीदाराला आयता मिळाला असता. आम्ही बातमी आल्यावर खुलासा पाठवला. तो चौथ्या पानावर, तीन ओळींत आला.

नगरसेवकांना आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. याला आयुक्तांचा विरोध होता, आधी सांगितलं तर आधीच फुटेल म्हणून. तो धोका खरा होता. तरीही महासभेत पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा बरं झालं असतं.

मीटरच्या निविदेत पाच वर्षांची देखभाल धरायची गोष्ट तांत्रिक मंजुरीच्या वेळी निघाली होती. खर्च वाढतो म्हणून गळली. त्या टप्प्यावर आकडेवारी कक्षाला कोणी बोलावत नाही, आणि आम्हीही आगंतुकासारखे जात नाही. जायला हवं होतं.

चावीवाल्यांशी आम्ही शेवटी बोललो. सुरुवात तिथून केली असती तर निम्म्या शंका पहिल्याच आठवड्यात मिटल्या असत्या, आणि ती टाकी कदाचित मीटरशिवायच सापडली असती.

आणि लोकसंख्या. तिन्ही आकडे, निवडलेला आकडा आणि निवडण्याचं कारण यांची एक पानी टिप्पणी मी लिहून सहीला ठेवायला हवी होती. सही झाली नसती, हे मला माहीत आहे. पण फाईलवर ती टिप्पणी तरी राहिली असती, आणि जनगणनेचे नवे आकडे येतील तेव्हा माणशी लिटर एका रात्रीत का खाली आले हे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागलं नसतं.